बँकेनं काढलेला विमा घराचा, की कर्जाचा?

गृहकर्ज घेतलेल्यांना घराच्या विम्याचं विचारलं की बहुतेकदा उत्तर येतं, "तो बँकेनं तेव्हाच काढलाय." कागद उघडला, की वर ‘क्रेडिट लाइफ’ किंवा ‘लोन प्रोटेक्ट’ असं काहीतरी छापलेलं दिसतं आणि पॉलिसी देणारी कंपनी आयुर्विम्याची निघते. म्हणजे विमा कर्जदाराच्या जिवाचा आहे. घरात पुराचं पाणी शिरलं, तर त्यातून रुपयाही मिळणार नाही.

या कर्जविम्याचं काम एकच: कर्जदार गेला तर उरलेलं कर्ज फेडणं. बहुतेक पॉलिसींत विमा रक्कम कर्जाबरोबर उतरत जाते. प्रीमियम मात्र पहिल्याच दिवशी एकरकमी घेतात आणि बऱ्याचदा कर्जातच मिसळतात. खरा भुर्दंड तिथेच बसतो. 1 लाखाचा प्रीमियम साडेआठ टक्के व्याजाच्या 20 वर्षांच्या कर्जात घातला, तर हप्ता सुमारे 868 रुपयांनी वाढतो. 240 हप्त्यांत त्या एका लाखाचे 2 लाख 8 हजार होतात. कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं, तर काही गट पॉलिसींचं (बँकेच्या सगळ्या कर्जदारांसाठी मिळून काढलेल्या पॉलिसींचं) संरक्षण तिथेच संपतं. तब्येत धड असेल तर कर्जाइतक्या रकमेचा वेगळा टर्म विमा, म्हणजे ठरावीक मुदतीचा निव्वळ आयुर्विमा, आम्हाला केव्हाही बरा वाटतो. त्याची रक्कम घटत नाही, बँक बदलली तरी तो चालू राहतो आणि पैसे घरच्यांच्या हाती येतात. अमुकच कंपनीचा विमा घ्या, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. मंजुरीपत्रावर सही करण्याआधी त्यात प्रीमियमची रक्कम धरली आहे का, ते पाहा.

घराचा विमा सर्वसाधारण विमा (जनरल इन्शुरन्स) कंपन्या देतात. 1 एप्रिल 2021 पासून त्यासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. आग, भूकंप, पूर, वादळ, दरड, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं त्यात येतं. मूळ अटी सगळीकडे सारख्या, त्यामुळे विमा रक्कम, मुदत आणि जोडसंरक्षण (जादा पैसे भरून घेतलेलं संरक्षण) तेच ठेवून तीन-चार कंपन्यांचे दर सरळ शेजारी मांडता येतात.

लोक चुकतात ते रकमेत. फ्लॅट 75 लाखांचा म्हणून विमाही 75 लाखांचा मागतात. त्या किमतीत जागेचा भाव असतो, आणि जागा जळत नाही. 650 चौरस फूट कार्पेट एरिया, बांधकामाचा दर 2,500 रुपये धरला तर विमा 16.25 लाखांचा पुरतो. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाख, संरक्षण आपोआप मिळतं. इथे ते 3.25 लाख होतं. सामान त्याहून जास्तीचं असेल तर रक्कम वाढवून घ्या. दागिने मात्र वेगळे नोंदवावे लागतात.

चोरीच्या बाबतीत बहुतेकांचा गैरसमज असतो. आग किंवा पुरासारख्या घटनेमुळे, तीही 7 दिवसांच्या आत झालेली चोरीच मूळ पॉलिसीत धरतात. गणपतीला कुलूप लावून गावी गेलात आणि घर फोडलं, तर त्यासाठी घरफोडीचं संरक्षण वेगळं घेतलेलं हवं. वरच्या मजल्यावरून वर्षानुवर्षं झिरपणारी ओल आणि उडालेले पोपडे यांचाही क्लेम मिळत नाही. पाइप अचानक फुटला तर मिळतो.

प्रीमियम भरण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा. सोसायटीनं पूर्ण इमारतीचा विमा काढला असेल तर तुम्हाला फक्त सामानाचा पुरेल. तो नसेल आणि कर्ज चालू असेल, तर पॉलिसीवर बँकेचं नाव चढू शकतं. मग इमारतीच्या क्लेमचे पैसे आधी बँकेकडे जातात.

पाणी ओसरल्यावर घाईनं घर धुऊ नका. भिंतीवरच्या पाणरेषेचे, फ्रिजच्या मागच्या मॉडेल नंबरचे फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा आणि नुकसान मोजणारा सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेली गादीसुद्धा फेकू नका.