खासदाराचं मत: नोंद कुठे होते, फूट कुठे दिसते

ठाणे लोकसभा मतदारसंघात मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली आणि बेलापूर असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. कळवा-मुंब्रा ठाणे महापालिकेत असलं तरी लोकसभेला ते कल्याणमध्ये मोडतं. त्यामुळे ‘आपल्या खासदाराने अमुक विधेयकावर काय मत दिलं’ हे शोधायला बसलेल्या कळवेकराने आधी खासदार कोण ते नीट पाहावं. एवढं जमलं तरी पुढचं काम सोपं नाही, कारण बहुतेक वेळा शोधण्यासारखी नोंदच झालेली नसते.

लोकसभेत प्रश्न मताला टाकला की अध्यक्ष आधी आवाजी कौल घेतात. एक बाजू ‘होय’ म्हणते, दुसरी ‘नाही’ म्हणते, आणि अध्यक्ष कानाने अंदाज घेऊन बहुमत कुणाचं ते जाहीर करतात. त्यात नावं नसतात, आकडेही नसतात. एखाद्या सदस्याने या निकालाला हरकत घेऊन मतविभागणी मागितली तरच पुढची यंत्रणा हलते. मग लॉबीत साडेतीन मिनिटं घंटा वाजते, दारं बंद होतात, प्रश्न पुन्हा मांडला जातो आणि हरकत कायम असेल तर प्रत्यक्ष मतदान होतं. इथेही नियम ३६७ मध्ये एक पळवाट आहे. मागणी विनाकारण केली आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर ते दोन्ही बाजूंना जागेवर उभं राहायला सांगून डोकी मोजू शकतात. अशा मोजणीत कुणाचंही नाव नोंदलं जात नाही.

घटनादुरुस्तीचं तसं नाही. तिला उपस्थित राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश आणि एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त, असं दुहेरी बहुमत लागतं. ते आवाजावरून ठरवता येत नाही, म्हणून मतविभागणी करावीच लागते. खासदाराच्या खात्यावर नावानिशी दिसणाऱ्या मतांत घटनादुरुस्त्या उठून दिसतात त्या यामुळे. रोजची विधेयकं, त्यांवरच्या दुरुस्त्या, अर्थसंकल्पातल्या मागण्या यांतलं बरंचसं आवाजातच वाहून जातं.

जुन्या सभागृहातल्या यंत्रावर मत देण्याची रीत अशी होती: हिरवं बटण बाजूने, लाल विरोधात, पिवळं तटस्थ. टोल पडला की मतदानाचा स्विच आणि हवं ते बटण एकाच वेळी दाबायचं आणि दहा सेकंदांनी दुसरा टोल पडेपर्यंत दोन्ही धरून ठेवायचं. बोट आधी उचललं की मत गेलं. कुणी दुसऱ्याच्या आसनावर बसलेला असतो, कुणी भलतंच बटण दाबतो, कुणाचं यंत्र चालत नाही. अशांना चिठ्ठी देऊन मत नोंदवता किंवा दुरुस्त करता येतं. म्हणूनच फलकावरचा आकडा ‘दुरुस्तीच्या अधीन’ राहून वाचला जातो.

हा फरक किती मोठा असू शकतो ते १७ डिसेंबर २०२४ रोजी दिसलं. ‘एक देश, एक निवडणूक’साठीचं विधेयक मांडू द्यावं का, यावर नव्या इमारतीतलं पहिलं यंत्रमतदान झालं. फलकावर आलं २२० विरुद्ध १४९. चिठ्ठ्या धरून अंतिम आकडा झाला २६९ विरुद्ध १९८. सभागृहाच्या छापील कामकाजात चिठ्ठीवाल्यांची नावं मुख्य यादीत नसतात, खाली तळटीपेत येतात. तळटीप न वाचता एखाद्याला ‘गैरहजर’ ठरवणं ही मतनोंदीचे तक्ते करणाऱ्यांची नेहमीची चूक आहे. दुसरी चूक हजेरीपटाची: मंत्री हजेरीवर सही करत नाहीत, त्यामुळे त्यांची हजेरी कुठल्याही तक्त्यात कोरी दिसते. आणि साध्या खासदाराने सकाळी सही केली म्हणून संध्याकाळच्या मतदानाला तो सभागृहात होता असं ठरत नाही.

नाव सापडलं, मत सापडलं, तरी ते मत कुणाचं हा प्रश्न उरतोच. इथून व्हिपचा, म्हणजे मत कसं द्यायचं हे सांगणाऱ्या पक्षादेशाचा, इतिहास सुरू होतो.

१९६७च्या निवडणुकीनंतर राज्याराज्यांत सरकारं गडगडू लागली. हरियाणाचे आमदार गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, आणि ‘आयाराम गयाराम’ मराठीतही रुळलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लोकसभेने पक्षांतरावर समिती नेमण्याचा ठराव केला. समितीचे अध्यक्ष होते तेव्हाचे गृहमंत्री यशवंतराव चव्हाण. १९६९ मध्ये आलेल्या तिच्या अहवालातला एक आकडा आजही पुरेसा बोलका आहे: पक्ष बदललेल्या २१० आमदारांपैकी ११६ जण, त्यांच्याच मदतीने बनलेल्या मंत्रिमंडळांत मंत्री झाले होते. म्हणजे रोग मंत्रिपदाच्या लालसेचा होता आणि समितीची नजरही तिकडेच होती. १९७३चं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभा विसर्जित झाल्याने बारगळलं, १९७८चं मागे घेतलं गेलं. अखेर राजीव गांधी सरकारने जानेवारी १९८५ मध्ये ५२वी घटनादुरुस्ती आणली. ३० तारखेला लोकसभेत, ३१ तारखेला राज्यसभेत मंजूर. दोन दिवसांत घटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, तयार.

या अनुसूचीने दोन वेगळ्या गोष्टी एका दावणीला बांधल्या. स्वेच्छेने पक्ष सोडणं ही एक. दुसरी, पक्षाने दिलेल्या आदेशाविरुद्ध मत देणं किंवा मतदानाला न राहणं. पक्षात राहून एखाद्या विधेयकाला विरोध करणारा आणि थैली घेऊन पलीकडे जाणारा, दोघांना शिक्षा एकच: सदस्यत्व जाणं. चव्हाण समितीसमोर जो माणूस होता तो थैलीवाला. कायद्याच्या जाळ्यात पक्षात राहून विरोध करणाराही आला. आज खासदारांच्या मतनोंदी एकसारख्या दिसतात त्याचं मूळ इथे आहे.

सुटकेची एक फट मात्र ठेवलेली आहे. आधी परवानगी घेतली असेल, किंवा मतदानानंतर १५ दिवसांत पक्षाने माफ केलं, तर अपात्रता लागत नाही. पक्षाच्या सभागृहातल्या नेत्याने, माफ केलं की नाही, हे जास्तीत जास्त ३० दिवसांत अध्यक्षांना कळवायचं असतं. शिवाय अध्यक्ष आपणहून कारवाई करत नाहीत. कुणीतरी सदस्याने याचिका करावी लागते, आणि स्वतःच्या खासदाराविरुद्ध याचिका करायची तर आपलं संख्याबळ एकाने कमी करायला पक्षाची तयारी हवी. ती सहसा नसते.

१९९२च्या किहोतो होलोहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने अनुसूची वैध ठरवली, अध्यक्षांचा निर्णय न्यायालयीन तपासणीखाली आणला, आणि आणखी एक गोष्ट सांगितली: सदस्यत्व घालवणारा आदेश सरकारच्या अस्तित्वाचा प्रश्न असलेल्या मतदानापुरता किंवा पक्षाच्या मूळ धोरणापुरता असावा. हा भाग सगळ्याच पक्षांनी सोयीस्कर बाजूला ठेवला. तीन ओळींचा व्हिप, म्हणजे हजर राहा आणि सांगू तसंच मत द्या, आज साध्या विधेयकालाही निघतो. त्याआधी १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीनेही विश्वासमतापुरताच व्हिप ठेवा असं सुचवलं होतं. चंडीगडचे खासदार मनीष तिवारी यांनी त्याच अर्थाची खासगी विधेयकं एकापेक्षा जास्त वेळा मांडली आहेत. १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, तेव्हा त्याचं काय होणार ते उघड आहे.

सुरुवातीला एक तृतीयांश सदस्य फुटले तर ती ‘फूट’ म्हणून माफ होती. २००३च्या ९१व्या दुरुस्तीने ती सवलत काढली. उरली ती दोन तृतीयांश सदस्यांच्या संमतीने विलीनीकरणाची. एकटा माणूस अडकतो आणि घोळका सुटतो, ही तक्रार तरीही संपली नाही.

ठाण्याला हे सगळं पुस्तकात वाचायची गरज पडली नाही. १९८९ मध्ये महापौरपदाच्या निवडणुकीत शिवसेनेची मतं फुटली आणि प्रकाश परांजपे पडले. त्यानंतर मत फोडल्याचा संशय असलेले नगरसेवक श्रीधर खोपकर यांची हत्या झाली, शिवसेनेचे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांना टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली, पुढे ते जामिनावर सुटले. ‘गद्दार’ हा शब्द ठाण्याच्या राजकारणात इतका जड का वाजतो, याचं उत्तर त्या एका मतदानात सापडतं. परांजपे पुढे १९९६ ते २००४ सलग चार वेळा ठाण्यातून लोकसभेवर गेले.

नगरसेवकांसाठी कायदा वेगळा आहे, १९८६चा महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम. महापालिकेचा निकाल लागला की ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवलीचे नगरसेवक गाड्या भरून सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनात जातात ते विभागीय आयुक्तांकडे गट नोंदवायला. गटनेता कोण हे तिथे कागदावर येतं, आणि पुढे व्हिप कुणाचा चालणार हे त्यावरून ठरतं. महापौर निवडणुकीआधी अपक्षांना घाईघाईने गटात सामावून घेतात, तेही याच कागदासाठी.

जुलै २०२२ मध्ये हाच प्रश्न दिल्लीत ठाण्याच्या खासदारावर येऊन ठेपला. एकनाथ शिंदे वेगळे झाल्यावर ठाकरे गटाने लोकसभेतल्या मुख्य प्रतोद, म्हणजे व्हिप काढणाऱ्या, भावना गवळी यांना हटवून ठाण्याचे राजन विचारे यांना नेमलं. दोन आठवड्यांच्या आत लोकसभा अध्यक्षांनी राहुल शेवाळे यांना गटनेता आणि गवळी यांनाच मुख्य प्रतोद म्हणून मान्यता दिली. ठाण्याचे विचारे एका बाजूला, शेजारच्या कल्याणचे श्रीकांत शिंदे दुसऱ्या बाजूला, आणि दोघेही निवडून आले होते एकाच पक्षाच्या चिन्हावर. आता पक्षाची भूमिका सोडली कुणी, हे मतनोंदीवरून सांगता येईल का? १० ऑगस्ट २०२३ला मोदी सरकारवरचा अविश्वास ठराव आला, तेव्हा ते दिसलं असतं. पण विरोधक सभात्याग करून गेले आणि ठराव आवाजी मतदानाने फेटाळला गेला. नाव कुणाचंच नोंदलं गेलं नाही.

तोवर, ११ मे २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगून टाकलं होतं की प्रतोद आणि गटनेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे, आणि शिंदे गटाचे आमदार भरत गोगावले यांना विधानसभेत प्रतोद म्हणून दिलेली मान्यता बेकायदा. पण पक्ष म्हणजे कोण, हा प्रश्न विधानसभा अध्यक्षांकडे गेला. १० जानेवारी २०२४ रोजी राहुल नार्वेकर यांनी शिंदे गट हीच शिवसेना ठरवली, गोगावले यांची नेमणूक वैध धरली आणि दोन्हींकडच्या एकाही आमदाराला अपात्र केलं नाही.

एवढ्या बंधनात मतभेद दिसतो कसा? लाल बटणाने क्वचितच. १७ एप्रिल १९९९ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं, तेव्हा नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनी पक्षाविरुद्ध मत दिलं आणि पक्षाने त्यांना काढून टाकलं. अशी उदाहरणं म्हणूनच लक्षात राहतात. नेहमीचा मार्ग गैरहजेरीचा. डिसेंबर २०११ मध्ये लोकपालला घटनात्मक दर्जा देणारी दुरुस्ती लोकसभेत पडली ती विरोधी मतांनी नव्हे. एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त माणसंच बाजूने उभी राहिली नाहीत आणि सत्ताधारी बाकांवरचे काही जण जागेवर नव्हते. आजारपण, लग्न, मतदारसंघातला कार्यक्रम, चुकलेलं विमान: कारण कागदावर काहीही असू शकतं आणि पक्षही फार खोलात जात नाही.

कधी अख्खा पक्षच बाजू बदलतो, तेव्हा एकट्याच्या नोंदीत काहीच खटकत नाही. २० जुलै २०१८च्या अविश्वास ठरावावर (१२६ विरुद्ध ३२५) सरकारात असलेली शिवसेना सभागृहाबाहेर राहिली. ९ डिसेंबर २०१९ला नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला शिवसेनेने लोकसभेत पाठिंबा दिला, दोनच दिवसांनी राज्यसभेत सभात्याग केला. मधल्या ४८ तासांत विधेयक तेच होतं. मुंबईतली नवी आघाडी दिल्लीत पोचली होती.

राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती निवडणुकीत मात्र व्हिप काढताच येत नाही, मतदान गुप्त असतं. २००७ मध्ये एनडीएत असूनही शिवसेनेने प्रतिभाताई पाटलांच्या मागे उभं राहायचं ठरवलं, ते मराठी उमेदवार म्हणून. ९ सप्टेंबर २०२५ला महाराष्ट्राचे तेव्हाचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन ४५२ विरुद्ध ३०० मतांनी उपराष्ट्रपती झाले, १५ मतं बाद ठरली. विरोधकांनी आपल्याकडे ३१५ असल्याचं सांगितलं होतं. कुणाची मतं फुटली यावर चर्चा खूप झाली. नावं शोधण्याची सोयच नाही.

एखाद्या खासदाराने पक्षाची भूमिका सोडली असं म्हणायचं तर दोन कागद हातात हवेत: त्या दिवसाची मतविभागणीची यादी, तळटीपेसह, आणि पक्षाने काढलेलं व्हिपचं पत्र. यादी लोकसभेच्या छापील कामकाजात तारखेवरून आणि मतविभागणी क्रमांकावरून मिळते. पत्र हा पक्षाचा खासगी कागद आहे, सभागृह ते प्रसिद्ध करत नाही. अपात्रतेची याचिका झाली तर ते जोडपत्र म्हणून बाहेर येतं, आणि तेव्हाही ते सदस्याच्या हातात पडलं होतं का हे सिद्ध करावं लागतं. नार्वेकरांसमोर ठाकरे गटाच्या आमदारांविरुद्धच्या याचिका नेमक्या इथेच अडकल्या: व्हिप रीतसर बजावल्याचं सिद्ध झालं नाही. तेव्हा पत्र हातोहात द्यायचं, पोच म्हणून सही आणि वेळ घ्यायची, घरी कुणी नसेल तर दारावर चिकटवून फोटो काढायचा, हे प्रतोदाच्या कार्यालयाचं खरं काम. मतदान त्यानंतरचं.