उन्हाळ्यात टायरची हवा कमी करू नका

एप्रिल-मे आला की हवा भरण्याच्या दुकानांत एक मागणी हमखास ऐकू येते : "लांब जायचंय, रस्ता तापलेला असतो, हवा जरा कमीच ठेवा." यामागचा हिशेब पटण्यासारखा वाटतो. हवा तापली की फुगते, फुगली की टायर फोडते. तेव्हा आधीच चार-पाच पीएसआय (हवेचा दाब मोजायचे एकक) काढून टाकलेले बरे. भरउन्हात टायर फुटतात हे तर सगळ्यांनी पाहिलेले असते. पण हा हिशेब उलटा आहे आणि तो लोकांच्या जिवावर बेततो. रस्त्यावर फुटणारा टायर बहुतेक वेळा हवा जास्त झाली म्हणून फुटत नाही. ती कमी असते म्हणून फुटतो.

आधी त्या फुगण्याचे आकडे पाहू. समजा, सकाळी २५ अंश तापमानाला टायरमध्ये ३३ पीएसआय हवा आहे. गेज दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब. बाहेरचे सुमारे १४.७ मिळवले तर एकूण दाब ४७.७ होतो. गाडी हायवेवर पळून टायरमधली हवा ६५ अंशांवर गेली, तर वायूच्या साध्या नियमाने हा एकूण दाब ५४ च्या आसपास जातो, म्हणजे गेजवर ३९. वाढ ६ पीएसआयची. धडधाकट टायर फुटायला याच्या कितीतरी पट दाब लागतो. शिवाय दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेला आकडा थंड टायरसाठीच असतो. धावताना तो वाढणार हे धरूनच कंपनीने तो ठरवलेला असतो. वाटेत थांबून गेजवर ३९ दिसले म्हणून कोणी ६ काढले, तर दुसऱ्या दिवशी पहाटे तोच टायर २७ वर आलेला असतो. खरा धोका तिथे सुरू होतो.

गाडीचे वजन रबर उचलत नाही, हवा उचलते. एका चाकावर ३५० किलो भार असेल, तर ३३ पीएसआयला टायरचा साधारण १५० चौरस सेंटीमीटर भाग रस्त्याला टेकतो. साइडवॉलचा, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीचा, थोडा आधार इथे सोडून दिला आहे. हवा २४ वर आली की तेवढाच भार पेलायला दोनशेच्या वर चौरस सेंटीमीटर टेकावे लागतात. एवढा भाग टेकायचा म्हणजे टायरने अधिक दबायचे आणि साइडवॉलने अधिक वाकायचे.

वाकणे एकदाच झाले असते तर काही बिघडले नसते. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची परवानगी आहे. मोटारीच्या टायरचा घेर साधारण १.९ मीटर धरला, तर या वेगाला चाक सेकंदाला सतरा-अठरा फेरे मारते, तासाभरात साठ हजारांवर. प्रत्येक फेऱ्यात टायरचा प्रत्येक भाग एकदा दबतो आणि एकदा सुटतो. रबराला दाबताना जेवढी ऊर्जा लागते तेवढी सगळी ते सुटताना परत देत नाही. काही भाग उष्णता होऊन आतच राहतो. लोखंडी तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की बोटाला चटका बसतो, तसलाच हा प्रकार. म्हणजे टायर तापवणारी मुख्य भट्टी रबराच्या आतच असते. डांबराचे किंवा काँक्रीटचे ऊन तिच्यात भर घालते, पण ती पेटते वाकण्यामुळे. हवा कमी केली की वाकणे वाढते, म्हणजे उन्हाला घाबरून आपण आतली आग मोठी करतो.

रबर उष्णतेचे वाईट वाहक आहे. त्यामुळे जिथे ते सर्वांत जाड असते, तिथली उष्णता बाहेर पडायला सर्वांत जास्त वेळ लागतो. ही जागा टायरच्या खांद्यापाशी, रस्त्याला टेकणारा भाग आणि साइडवॉल यांच्या सांध्यात असते. दुर्दैवाने पोलादी पट्ट्यांच्या कडाही तिथेच संपतात. रेडियल टायरमध्ये नक्षीच्या खाली बारीक पोलादी तारांचे दोन थर एकमेकांना तिरपे बसवलेले असतात. तारांना रबर घट्ट चिकटावे म्हणून त्यांवर पितळेचा मुलामा असतो. उष्णतेने रबर मऊ पडते, चिकटलेली पकड सैल होते, आणि कडेपाशी केसाएवढी चीर सुरू होते. प्रत्येक फेऱ्याला ती किंचित पुढे सरकते. दोन थर सुटत सुटत जातात आणि एके क्षणी नक्षीचा अख्खा पट्टा उसवून येतो.

वेग फार वाढला आणि हवा फार कमी असली, तर आणखी एक गोष्ट घडते. रस्त्यावरून सुटलेला भाग मूळ आकारात येण्याआधीच पुन्हा रस्त्यावर टेकायची पाळी येते. मग टायरच्या मागच्या बाजूला एका जागी ठाण मांडून बसलेल्या लाटा दिसू लागतात. या अवस्थेत उष्णता इतक्या झपाट्याने वाढते की टायर मिनिटांत संपू शकतो.

गावातल्या गावात फिरताना कमी हवेचा टायर महिनोन्‌महिने चालतो, म्हणून लोक निर्धास्त राहतात. तिथे वेग कमी, थांबे जास्त. टायर पुरता तापतच नाही. तोच टायर समृद्धीच्या ७०१ किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर गेला की तासन्‌तास पूर्ण तापलेल्या अवस्थेत वाकत राहतो. शेवटी तो ज्या खड्ड्यावर फुटतो, त्या खड्ड्याला दोष मिळतो.

याचे मला माहीत असलेले सर्वांत भीषण उदाहरण विमानाचे आहे. ११ जुलै १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या जेद्दाहून हज यात्रेकरूंना घेऊन एक डीसी-८ विमान नायजेरियातल्या सोकोटोला निघाले. नेशनएअर या कॅनडियन कंपनीचे हे विमान नायजेरिया एअरवेजसाठी उडत होते. त्याच्या टायरांतला दाब कमी आहे हे मेकॅनिकांच्या लक्षात आले होते. पण भरायला नायट्रोजन हाताशी नव्हता आणि वेळापत्रक गाठायचे होते, म्हणून विमान तसेच सोडले गेले. एका टायरमध्ये हवा कमी, म्हणून त्याच्या जोडीदारावर भार जास्त. धावपट्टीपर्यंतच्या लांब वाटचालीतच दोन्ही तापले. उड्डाणाच्या धावेत आधी भार पडलेला जोडीदार फुटला, पाठोपाठ कमी हवेचा टायरही गेला. त्याचे चाक फिरायचे थांबले, घासून आग लागली, आणि वैमानिकांना कल्पना नसल्याने ती पेटती चाके विमानाच्या पोटात घेतली गेली. २६१ जण होते, एकही वाचला नाही.

आपल्या ट्रकच्या मागच्या डबल टायरांत भाराचे हेच गणित असते. आतल्या टायरची हवा गेली तर बाहेरून दिसत नाही. बाहेरचा दुप्पट भार ओढत राहतो. ड्रायव्हर-क्लीनर थांब्यावर टायर ठोकून आवाज ऐकतात. ही सवय चांगली आहे, पण पूर्ण सपाट झालेला टायर तिने सापडतो, पंधरा-वीस पीएसआयची घट सापडत नाही. मोटारीतही डोळ्यांवर विसंबू नये, कारण रेडियल टायर पुरेशी हवा असतानाही खाली थोडा फुगलेलाच दिसतो. काहीही पंक्चर नसताना टायर महिन्याला एखाद-दुसरा पीएसआय गमावतो. गाडीच्या डॅशबोर्डवर इशारा देणारा दिवा असला, तरी अमेरिकी नियमानुसार तो सांगितलेल्या दाबापेक्षा २५ टक्के घट झाल्यावर लागला तरी चालतो. म्हणजे ३३ च्या जागी २५ च्या आसपास. नायट्रोजन भरला की काळजी मिटली, असेही नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापल्यावर दोन्ही जवळपास सारखेच फुगतात.

कमी हवेवर बराच पळालेला टायर रिमवरून उतरवला की आत काळी रबराची भुकटी सापडते. साइडवॉल आतून घासून तुटत होती, याची ती खूण. अशा टायरमध्ये पुन्हा हवा भरून तो बरा होत नाही. ट्रकच्या पोलादी रेडियलमध्ये तर हवा भरतानाच संकट येते. कमी हवेत वाकून वाकून साइडवॉलमधल्या तारा एकेक करून तुटलेल्या असतात. बाहेरून काही कळत नाही. मग दाब शंभर पीएसआयकडे चढू लागला की उरलेल्या तारा एका रेषेत सटासट तुटतात आणि भरणाऱ्याच्या अंगावर स्फोट होतो. म्हणून अमेरिकेतल्या टायर-उद्योगाच्या सुरक्षा सूचनांत, सांगितलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर धावलेला असा टायर आधी उतरवून तपासायचा आणि लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच भरायचा, असे सांगितलेले आहे. हायवेच्या कडेच्या आपल्या दुकानांत बहुधा असा पिंजरा नसतो. हवा भरणारा मुलगा टायरला लागूनच उकिडवा बसतो. गाडीवाल्याने त्याला एवढे तरी आधी सांगावे, की हा टायर कमी हवेवर किती किलोमीटर आला आहे, आणि तो उतरवून आतून पाहायला जो वेळ लागेल तो द्यावा.