पार्श्वभूमी : पीएसए चाचणीवरची 2012 ची फुली

प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कर्करोग पुरुष संप्रेरकांवर पोसला जातो, हे 1941 मध्ये शिकागोत दाखवून दिले गेले आणि 1966 मध्ये त्याला नोबेलही मिळाले. मधली दशके इथे गाळली तरी चालतील. निरोगी पुरुषांची पीएसए तपासणी करावी की नाही, या आजच्या वादाचे मूळ 1986 मध्ये आहे. त्या वर्षी अमेरिकी औषध नियामकाने पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारे एक प्रथिन) मोजणाऱ्या रक्तचाचणीला मान्यता दिली, तीही केवळ ज्यांचे निदान आधीच झाले आहे अशा रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. रोग हुडकायला ती वापरण्याची परवानगी 1994 मध्ये मिळाली. तोवर डॉक्टर ती सर्रास लिहून देऊ लागलेच होते.

लॅबच्या रिपोर्टवर आजही दिसणारी 4 ची मर्यादा (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) त्याच काळातली. वाढलेली ग्रंथी, लघवीचा संसर्ग, लघवीसाठी नुकतीच घातलेली नळी, कशानेही पीएसए चढतो. उलट 4 किंवा त्याहून कमी पीएसए असलेल्यांची बायोप्सी केली, तेव्हा सुमारे 15 टक्क्यांत कर्करोग निघाला, असे 2004 च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. तरी शिरस्ता ठरलेला होता : आकडा चढला की गुदद्वारावाटे सुया घालून बायोप्सी, काही सापडले की शस्त्रक्रिया नाहीतर रेडिएशन. लघवीवरचा ताबा किंवा ताठरता गमावून बसलेल्यांत असेही बरेच होते, ज्यांना त्या गाठीने जन्मात त्रास दिला नसता.

या पार्श्वभूमीवर मार्च 2009 मध्ये पीएसए तपासणीवरच्या दोन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकाच वेळी छापून आले आणि ते एकमेकांच्या विरुद्ध होते. युरोपात तपासणी केलेल्या गटात प्रोस्टेट कर्करोगाचे मृत्यू 20 टक्क्यांनी कमी भरले. अमेरिकेत फरकच दिसला नाही. 2012 मध्ये अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञ समितीने पीएसएला 'डी' श्रेणी दिली. म्हणजे कोणत्याही वयाच्या निरोगी पुरुषाची ही तपासणी करू नका. समितीत एकही मूत्ररोगतज्ज्ञ नव्हता, यावरून बराच गदारोळ झाला. पण खरी गोम वेगळीच होती. अमेरिकी अभ्यासात ज्यांची तपासणी होणार नाही असे धरले होते, त्या गटातल्या सुमारे 90 टक्के पुरुषांनी आधी किंवा अभ्यासाच्या काळात बाहेरून पीएसए करून घेतलेली होती, हे 2016 मध्ये उघड झाले. तपासलेल्यांची तुलना तपासलेल्यांशीच झाली, मग फरक दिसणार कुठून? अतिउपचारांची समितीची काळजी रास्तच होती; पण त्यासाठी चाचणीच मोडीत काढणे हे अतीच झाले. 2018 मध्ये समितीने 55 ते 69 वयोगटासाठी 'सी' श्रेणी दिली : डॉक्टरांशी बोलून ज्याचे त्याने ठरवावे. सत्तरीपुढे 'डी' कायम राहिली. मधल्या काळात अमेरिकेत रोग पसरल्यावरच निदान होणाऱ्यांचे प्रमाण वाढू लागले होते.

दरम्यान उपचारांची बाजू बदलली, आणि वादातली हवा खरे तर तिनेच काढली. ब्रिटनमध्ये 1,643 रुग्णांना शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि नुसते लक्ष ठेवणे अशा तीन गटांत विभागले होते. 15 वर्षांनंतर तिन्ही गटांत या रोगाने दगावलेले सुमारे 3 टक्केच होते. आधी एमआरआय आणि संशयास्पद जागा दिसली तरच सुई, ही पद्धत 2017-18 च्या अभ्यासांनंतर रुळली. पसरलेल्या रोगासाठी पीएसएमए पेट स्कॅन (पसरलेल्या गाठी हुडकणारा) आणि किरणोत्सर्गी ल्युटेशियमचे उपचार आले.

युरोपातला तो 2009 चा अभ्यास अजून बोलतोच आहे. एक मृत्यू टाळण्यासाठी, 2009 च्या, म्हणजे नऊ वर्षांच्या पाठपुराव्याच्या, हिशेबाने 1,410 जणांची तपासणी आणि 48 जणांवर उपचार करावे लागत होते. 23 वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, 2025 मध्ये, हाच हिशेब 456 जणांना तपासणीला बोलावणे आणि 12 जादा निदाने असा झाला. इतक्या सावकाश वाढणाऱ्या रोगाचा निकाल नऊ वर्षांत लावायला निघणे घाईचेच होते.

मे 2025 मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांना हाडांपर्यंत पसरलेला प्रोस्टेट कर्करोग असल्याचे जाहीर झाले. त्यांची शेवटची ज्ञात पीएसए 2014 ची होती. वाद पुन्हा पेटला. नोव्हेंबरात ब्रिटनच्या राष्ट्रीय तपासणी समितीने मसुद्यात सरसकट तपासणी नाकारली आणि फक्त बीआरसीए हा कर्करोगाचा धोका वाढवणारा आनुवंशिक जनुकदोष असलेल्यांसाठी ती सुचवली.

आपल्याकडे सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कर्करोग आहेत. पीएसए येते ती खासगी लॅबच्या पॅकेजमधून, साखर आणि कोलेस्टेरॉलच्या रांगेत, आणि आकडा चढलाच तर पुढे काय करायचे हे रक्त देण्याआधी सहसा कोणी सांगत नाही.