टिश्यू व्हॉल्व्ह नेमका फाटतो कुठे?

हार्टचा व्हॉल्व्ह बदलायचा ठरला की दोन ऑप्शन असतात, मेकॅनिकल नाहीतर टिश्यू. मेकॅनिकल घेतला तर जन्मभर रक्त पातळ करायची गोळी आणि सारखं आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासत बसायचं, टिश्यूला बहुतेकांच्या मागे ही कटकट कायमची लागत नाही पण तो कधीतरी खराब होणार हे धरूनच चालायचं. मग घरच्यांचा प्रश्न ठरलेला, टिकेल किती? सर्वसाधारणपणे 10 ते 15 वर्षं, काहींचा त्याहून जास्त. पण मला यातला खरा इंटरेस्टिंग भाग वाटतो तो म्हणजे हा व्हॉल्व्ह खराब व्हायला सुरुवात कुठून होते.

आधी हे बनतं कशाचं ते बघू. डुकराचा आख्खा व्हॉल्व्ह, किंवा गाईगुरांच्या हृदयाभोवती जे आवरण असतं, पेरिकार्डियम, त्याच्यातून कापलेल्या तीन पाकळ्या, जाडी अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. (कुठल्या प्राण्याचं ते पेशंटला आधी सांगायलाच हवं, आपल्याकडे तर नक्कीच.) हे टिश्यू ग्लुटाराल्डिहाइडमध्ये मुरवतात, चामडं कमवायलाही हेच केमिकल वापरतात. पॅरिसच्या अलँ कार्पांतिए यांनी 1960 च्या दशकात ही पद्धत आणली. याने कोलॅजनचे, म्हणजे टिश्यूला बळकटी देणाऱ्या प्रोटीनचे, धागे एकमेकांना पक्के बांधले जातात, पण आतल्या पेशी मरतात, आणि गोम इथेच आहे. आपल्या स्वतःच्या पाकळीत झीज झाली की पेशी थोडीफार डागडुजी करत राहतात, इथे डागडुजी करायला कोणी उरलेलंच नाही.

आता लोड बघा. एऑर्टिक व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त जातं त्या दारावरचा, बंद असताना त्याच्यावर साधारण 80 मिमी पाऱ्याचा दाब असतो, 23 मिमी व्यासाच्या व्हॉल्व्हचा हिशोब केला तर तीन पाकळ्या मिळून जवळपास साडेचारशे ग्रॅम वजन पेलतात, दिवसाला एक लाख वेळा, वर्षाला साडेतीन-चार कोटी वेळा. मायट्रलच्या जागी, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांच्या मधे, तर बंद असताना 120 च्या आसपास दाब येतो, म्हणून तिथे टिश्यू व्हॉल्व्ह बहुधा लवकर जातो.

पण हा ताण सगळीकडे सारखा नसतो ना. चप्पल तुटते ती तळव्यात नाही, अंगठ्यापाशी तुटते, तसंच इथे दोन पाकळ्या जिथे व्हॉल्व्हच्या फ्रेमच्या (पाकळ्या ज्यावर बसवतात तो सांगाडा) खांबाला जोडलेल्या असतात तो कोपरा आणि पाकळी जिथे दर ठोक्याला दुमडते ती रेघ, सगळा मार तिथे. 1970-80 च्या दशकात आयोनेस्क्यू-शायली नावाचा पेरिकार्डियल व्हॉल्व्ह खूप वापरला गेला, रक्त छान वाहायचं त्यातून, पण पाकळ्या जागेवर राहाव्यात म्हणून खांबापाशी एक टाका घातलेला होता आणि फ्रेमवर डॅक्रॉनचं, म्हणजे पॉलिएस्टरचं, कापड. पाकळी टाक्याला ओढ खात राहिली, कापडावर घासत राहिली आणि शेवटी तिथेच फाटली. नंतरच्या डिझाइनमध्ये तो टाका काढला, पाकळ्या वेगळ्या पद्धतीने बसवल्या, फ्रेमची तार थोडी लवचिक केली म्हणजे झटका वाटला जातो. मटेरियल तेच पेरिकार्डियम, आणि टिकाऊपणात केवढा फरक पडला!

डुकराच्या व्हॉल्व्हची गोष्ट अजून वेगळी. कोलॅजनचे धागे मुळात लाटांसारखे कुरळे असतात, ताण आला की आधी ती लाट सरळ होते. सुरुवातीला हे व्हॉल्व्ह दाब देऊन फिक्स करायचे, म्हणजे ग्लुटाराल्डिहाइडमध्ये मुरवायचे, त्यात लाटा कायमच्या सपाट व्हायच्या आणि पाकळी कडक, दुमडताना उलट जास्त मोडणारी. मग दाब अगदी कमी किंवा शून्य ठेवून फिक्सिंग सुरू झालं.

फाटण्याखेरीज दुसरा शत्रू कॅल्शियम. मेलेल्या पेशींच्या आवरणातल्या उरलेल्या फॉस्फोलिपिडवर (एक प्रकारची चरबी), ग्लुटाराल्डिहाइडच्या न बांधलेल्या मोकळ्या टोकांपाशी ते साचतं, तरुण पेशंटमध्ये भराभर, आणि जास्त ताणाच्या जागांवर त्याचा विशेष लोभ. कॅल्शियमने पाकळी ताठ होते, ताठ झाली की शेजारच्या मऊ भागावर ताण वाढतो, असं ते एकमेकांना धरून वाढत जातं.

मार्केटमध्ये यायच्या आधी लॅबमध्ये मशीनवर 20 कोटी वेळा उघडझाप करून बघतात, पाच वर्षांच्या ठोक्यांएवढी. फक्त त्या मशीनमध्ये रक्त नसतं, म्हणजे कॅल्शियमचा खेळ तिथे दिसतच नाही. टावीचे, म्हणजे छाती न उघडता बसवायचे, व्हॉल्व्ह अजून अवघड, कॅथेटर नावाच्या बारीक नळीतून, बहुतेक वेळा जांघेतल्या धमनीतून न्यायचे म्हणून पाकळी अजून पातळ ठेवतात आणि वर ती घट्ट आवळून चेपतात, त्या चेपण्यात धाग्यांना इजा होऊ शकते हे लॅबमध्ये दिसलंय. तरी जुना टिश्यू व्हॉल्व्ह गेला की त्याच्याच आत हा नवीन बसवता येतो, छाती परत न उघडता, त्यामुळे आता बरेच सर्जन पहिला व्हॉल्व्ह बसवतानाच पुढच्याला जागा राहील अशा साइझचा बघतात.