देहाची एकोणिसावी जागा

सर्कलमड या संगणकावरच्या खेळात पात्राच्या अंगावर वस्तू घालण्याच्या नेमक्या १८ जागा आहेत. दोन बोटे, गळ्यातल्या दोन वस्तू, दोन मनगटे, डोके, कंबर, ढाल, शस्त्र, इतकेच काय, दिव्यासाठीही स्वतंत्र जागा आहे. कान मात्र नाहीत, आणि नाकही नाही. नथ आणि कुडी यांच्यावाचून दागिन्यांचा विचारच न करणाऱ्या आपल्याला ही उणीव चटकन खटकते. तसे पाहता ती इतरांनाही खटकली असावी, कारण याच घराण्यातील स्मॉग या खेळात कानांची सोय पुढे झाली.

पडद्यावर चित्र नसलेल्या, वाक्ये वाचून आणि आज्ञा टंकून अनेकांनी एकाच वेळी खेळायच्या अशा खेळांना ‘मड’ म्हणतात. पहिला मड १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी लिहायला घेतला. कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात जन्मलेला डिकूमड १९९१ चा, आणि त्याच्यावरून जेरेमी एल्सन यांनी तयार केलेला सर्कलमड १९९३ चा. त्याचा सी भाषेतील कोड खुला असल्यामुळे हौशी मंडळी त्यात आजही भर घालतात, आणि नवी जागा जोडणे हा त्यांतला नेहमीचा उद्योग असतो.

संगणकाच्या लेखी हा देह म्हणजे ० ते १७ अशा क्रमांकांचे कप्पे. दिवा ०, उजवे बोट १, छाती ५, उजवे मनगट १४, शस्त्र १६, हातात धरलेली वस्तू १७. कान गळ्याजवळ असतात म्हणून कोणी गळ्यानंतर लगेच, म्हणजे ५ आणि ६ या क्रमांकांवर दोन कान घुसवले, तर पुढचे सगळे क्रमांक दोनाने सरकतात. कोड नव्याने कंपाइल केला, म्हणजे संगणकाला चालवता येईल अशा रूपात उतरवला, की त्यातली नावे नव्या क्रमांकांशी आपोआप जुळतात. पण खेळातील जगाचे वर्णन करणाऱ्या फायलींत नावे नसतातच, तिथे नुसते आकडे असतात. खेळातल्या मिडगार्ड नगराच्या पहारेकऱ्याला तलवार द्यायची ओळ तिथे ‘जागा १६’ असेच सांगते. आता १६ म्हणजे उजवे मनगट झाल्याने तलवार मनगटाला बांधली जाते, शस्त्राची जागा रिकामी राहते आणि पहारेकरी नुसत्या मुठींनी लढू लागतो. ज्याच्या छातीवर चिलखत चढवायचे, त्याच्या कानात ते लटकते. पंगतीत मधेच पान मांडले आणि वाढप्याच्या हातातली यादी जुनीच राहिली, तर जे होईल तेच इथे होते. म्हणून नवे कान शेवटी, १८ आणि १९ या क्रमांकांवरच जोडायचे, आणि जागांची एकूण संख्या २० करायची.

कप्पा तयार झाला तरी कोणती वस्तू त्यात बसते हे वस्तूवरच नोंदलेले असावे लागते. ही नोंद एकाच संख्येत, दोनाच्या घातांची बेरीज करून ठेवलेली असते: उचलता येणे म्हणजे १, बोटात घालता येणे म्हणजे २, शस्त्र म्हणून धरता येणे म्हणजे ८१९२. त्यामुळे अंगठीवर ३ आणि तलवारीवर ८१९३ हा आकडा असतो. यांतला १६३८४ पर्यंतचा प्रत्येक घात वापरलेला असल्याने कानाला ३२७६८ मिळतो, आणि कुडीवर ३२७६९ लिहावे लागते. दोन कानांना खूण मात्र एकच पुरते.

खरी कटकट याद्यांची आहे. अंगावरील वस्तू दाखवताना जागेचे नाव, वस्तू घालताना उमटणारे वाक्य, ‘तिथे आधीच काही आहे’ ही सूचना, खेळाडूने टंकलेला शब्द ओळखण्याची सोय, हे सारे वेगवेगळ्या याद्यांत विखुरलेले आहे. अशा निदान सहा याद्या केवळ क्रमाच्या भरवशावर एकमेकींशी जुळतात. एखादीत दोन ओळी घालायच्या राहिल्या, तर सी भाषा सहसा तक्रार करत नाही. ती यादी संपल्यावरही पुढच्या स्मृतीत हात घालते आणि तिथे जे सापडेल तेच ओळ समजून वापरू पाहते. कधी निरर्थक अक्षरे उमटतात, कधी अख्खा खेळ कोसळतो. एका जागेची सगळी माहिती एकाच नोंदीत ठेवली असती तर हा प्रश्न उद्भवलाच नसता, असे मला वाटते.

जोडीच्या जागांचा तोडगा मात्र मला फार आवडतो. उजव्या बोटात अंगठी असेल तर कोड क्रमांकात फक्त एक मिळवतो, की झाले डावे बोट. दोन कान लगतच्या क्रमांकांवर ठेवून त्या अटीत कानाचे नाव घातले, की दुसरी कुडी आपोआप दुसऱ्या कानात जाते. ही अट विसरली, तर दुसऱ्या कुडीला ‘आधीच काही घातले आहे’ असे उत्तर मिळते आणि डावा कान कायमचा रिकामा राहतो.

चिलखताच्या गणितात छातीला तिप्पट, डोक्याला व पायांना दुप्पट आणि बाकी जागांना एकपट वजन असते. कान त्या बाकीच्यांत आपोआप मोडतो. तरीही दोन जागा वाढल्या म्हणजे बळ वाढवणाऱ्या दोन जादा वस्तू आल्या, आणि आजवर भारी ठरणारे राक्षस त्या प्रमाणात हलके झाले, हे रचनाकाराने आधीच जोखलेले बरे.

राहता राहिला दिसण्याचा प्रश्न. वस्तूंची यादी क्रमांकानेच छापली जात असल्यामुळे कुड्या हातातल्या वस्तूच्याही खाली, अगदी तळाला दिसतात. त्यासाठी साठवणीचा क्रम न हलवता, छपाईपुरती २० आकड्यांची एक वेगळी यादी करतात, जिच्यात ६, म्हणजे डोके, याच्या पाठोपाठ १८ आणि १९ लिहिलेले असतात.