आपत्ती-जोखमीचे गावपातळीवरील मूल्यमापन

एखाद्या वस्तीवर कोणती संकटे येऊ शकतात, त्यांच्या वाटेत नेमके कोण आणि काय आहे, कोण लवकर कोलमडेल आणि कोणाला सावरता येईल, हे त्या वस्तीतल्या लोकांना सोबत घेऊन शोधण्याची व नोंदवण्याची पद्धत. पूर, दरड, दुष्काळ, चक्रीवादळ, उष्णतेची लाट, वीज पडणे, भूकंप या सगळ्यांसाठी ती वापरली जाते. शासकीय आराखड्यांत तिचे नाव ‘धोका, असुरक्षितता व जोखीम विश्लेषण’ असे लांबलचक असते. नदीकाठच्या गावात हाच प्रश्न लोक एका वाक्यात विचारतात : पाणी कुठवर येतं आणि आधी कोणाच्या घरात शिरतं?

तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. धोका म्हणजे खुद्द घटना : अतिवृष्टी, वादळ, कोरडे गेलेले नक्षत्र. त्या घटनेच्या पट्ट्यात असलेली माणसे, घरे, गोठे, पिके, रस्ते, विहिरी ही दुसरी गोष्ट. या पट्ट्यात असूनही सगळ्यांचे सारखे नुकसान होत नाही. ते कमी-जास्त का होते याचे उत्तर तिसऱ्या गोष्टीत, म्हणजे असुरक्षिततेत असते. तिघांच्या गाठीतून जोखीम तयार होते. हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरशासकीय मंडळाने २००७ च्या चौथ्या अहवालात ‘पट्ट्यात असणे’ हा असुरक्षिततेचाच भाग धरला होता. २०१४ मध्ये पूर्ण झालेल्या पाचव्या अहवालापासून दोन्ही वेगळे मोजले जातात. हा बदल वरवर शब्दांचा वाटतो, पण त्याने कामाची दिशा ठरते. घर नदीपात्रालगत असेल तर घर हलवावे लागते. घर तिथेच राहणार असेल आणि घरात अंथरुणाला खिळलेली आजी असेल, तर तिला कोण उचलणार हे आधी ठरवावे लागते. ही दोन निराळी कामे आहेत.

असुरक्षितता म्हणजे गरिबी, असे सरसकट धरून चालत नाही. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गावे झोपली होती. ६.२ तीव्रतेच्या या धक्क्यात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे गेली. जगात याहून मोठे भूकंप कितीतरी होतात. इथे जीव घेतला तो घरांनी. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर लाकडी सरांवर मातीचे जड माळवद, अशी ती घरे. उन्हाळ्यात थंडावा देणारे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेले आणि ऐपतीची खूण असलेले हेच बांधकाम रात्रीत माणसांवर कोसळले. कुडाच्या, गवती छपराच्या झोपड्यांतली कित्येक माणसे मात्र बचावली. तेव्हाच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. १९९२ मध्ये किल्लारीला छोटे धक्के बसले होते, गूढ आवाज ऐकू आले होते, लोक धास्तावलेही होते. २००२ च्या सुधारित नकाशातून तो पहिला विभागच काढून टाकण्यात आला.

उलट बाजूचे उदाहरण ओडिशाचे. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे १० हजार माणसे मृत्युमुखी पडली. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन हे अतितीव्र वादळ त्याच राज्याच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा मृतांचा आकडा पन्नाशीच्या आत राहिला. समुद्र तोच, किनाऱ्यावरची वस्तीही कमी झालेली नव्हती. मधल्या चौदा वर्षांत निवारे उभे राहिले, इशारे गावात वेळेवर पोहोचू लागले आणि कोणाला कुठून कुठे न्यायचे याच्या याद्या तयार झाल्या. वादळाआधी सुमारे १० लाख लोकांना हलवता आले.

जुन्या मोजण्या

महाराष्ट्राला ही कल्पना अगदी नवी नाही. पूर्वीची आणेवारी म्हणजे आजची पैसेवारी (नेहमीचे पीक रुपयाभर धरले तर यंदाचे किती पैशांचे, याचा अंदाज) ही एका प्रकारे गावाच्या दैन्याची मोजणीच आहे. नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा टप्प्यांत पिकाचा अंदाज घेतला जातो, निवडलेल्या शेतात १० × ५ मीटरचा तुकडा आखून पीक कापणी प्रयोग होतो, आणि पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की गाव टंचाईच्या सवलतींना पात्र ठरते. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पावसाचा खंड, जमिनीतला ओलावा, भूजल आणि उपग्रहातून दिसणारी पिकांची हिरवाई असे निकष आणले. तरी मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या तोंडी आजही पैसेवारीच आहे. तिची मर्यादा अशी की ती पीक गेल्यावर मोजते, आणि गावाला एकच आकडा देते. त्याच गावात विहीर बागायतदार असतो, कोरडवाहू दोन एकरवाला असतो, आणि ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही असा मजूरही असतो. त्या मजुराचा हंगामच पैसेवारीत दिसत नाही, कारण त्याचे बुडते ते काम, पीक नव्हे.

दुसरी मोजणी पूररेषांची. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. या ‘१०० वर्षांतून एकदा’ने मोठी गफलत होते. एकदा येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात येईल, असा अर्थ लोक घेतात. खरा अर्थ असा की दरवर्षी तसा पूर येण्याची शक्यता शंभरात एक. घर तीस वर्षे टिकणार असेल, तर लाल रेषेवरच्या घरात त्या काळात एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते. निळ्या रेषेवरच्या घरासाठी ती ७० टक्क्यांवर जाते. शिवाय या रेषा मागच्या नोंदींवर आखलेल्या असतात, आणि पाऊस आता थोड्या दिवसांत जास्त कोसळण्याकडे झुकला आहे. सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर सोळा वर्षांत पाहिले. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तिथली धोका पातळी ४५ फूट आहे. जुलै उजाडला की सांगलीत ‘आयर्विनला किती?’ आणि कोल्हापुरात ‘राजाराम बंधाऱ्याला किती?’ हे प्रश्न चहाच्या टपरीवर रोज ऐकू येतात. अमुक फुटांना आपल्या गल्लीत पाणी, तमुक फुटांना रस्ता बंद, हे गणित लोकांच्या डोक्यात पक्के असते. गावाचे मूल्यमापन करताना हे गणित कागदावर उतरवून घेणे हे पहिले काम, आणि ते फुकटात होणारे आहे.

सरासरीत हरवलेली वाडी

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्याला आराखडा करावा लागतो आणि जिल्ह्याचे कोणते भाग कोणत्या आपत्तीला बळी पडू शकतात हे त्यात नोंदवावे लागते. देशभरातील घरांची व धोक्यांची सांगड घालणारा असुरक्षितता नकाशासंग्रह १९९७ मध्ये प्रथम निघाला आणि पुढे २००६ व २०१९ मध्ये सुधारला गेला. २०१५ ते २०३० या काळासाठी जपानमधील सेंदाई येथे ठरलेल्या जागतिक आराखड्यातही ‘जोखीम समजून घेणे’ हेच पहिले प्राधान्य आहे. म्हणजे मोजण्यांची कमतरता नाही. अडचण मोजण्याच्या मापात आहे.

केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने सर्व राज्यांना एकच चौकट लावून केलेल्या हवामान-असुरक्षिततेच्या अभ्यासात झारखंड सर्वांत असुरक्षित आणि महाराष्ट्र सर्वांत कमी असुरक्षित ठरला. राज्याराज्यांची तुलना म्हणून ते बरोबरही असेल. पण १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगर आला, तेव्हा या सरासरीचा काय उपयोग होता? ठाकर समाजाची ही वाडी डोंगराच्या कुशीत, गाडीरस्ता नाही, पायथ्यापासून तासाभराहून अधिक चढण. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता घोषित झाले. वाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते, असे सरकारनेच सांगितले. राज्य सुरक्षित, जिल्ह्याला आराखडा आहे, तालुक्यात यादी आहे, आणि वाडी यादीबाहेर. माप जितके मोठे तितकी वाडी लहान होत जाते, आणि एका टप्प्यावर दिसेनाशी होते. म्हणून हे मूल्यमापन महसुली गावाच्या नावावर थांबता कामा नये. वाडी, पाडा, तांडा आणि शेवटी घर इथपर्यंत गेले पाहिजे.

त्याआधी ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाडले गेले आणि १५१ माणसे गेली. गाव दिसत नाही हे प्रथम लक्षात आले ते त्या वाटेने आलेल्या एसटीच्या चालकाच्या. इशारा यंत्रणेची सगळी कहाणी या एका गोष्टीत आहे : गावातून बाहेर निरोप पोहोचलाच नव्हता.

गावात ते कसे करतात

सुरुवात शिवारफेरीने होते. तलाठी, ग्रामसेवक, कोतवाल, पोलीस पाटील यांच्यासोबत जुनी जाणती माणसे, गुराखी आणि पाणी भरणाऱ्या बायका असाव्या लागतात. ओढा कुठे वळवला, नाला कोणी बुजवला, डोंगराला नवी भेग कुठे पडली, एखादा झरा अचानक गढूळ झाला का, झाडे किंवा खांब कलले का, या गोष्टी गुराख्याला आधी दिसतात. दरडीची ही सारी पूर्वचिन्हे आहेत.

मग नकाशा. चावडीपुढची किंवा देवळापुढची जागा सारवून तिच्यावर रांगोळीने गाव काढतात. खडूने कागदावर काढायला सांगितले तर खडू लगेच एका-दोघा शिकलेल्या पुरुषांच्या हातात जातो; रांगोळी मात्र बायकांच्या हातची. नदी निळीने, रस्ता विटेच्या भुकटीने, घरे पानांनी. प्रत्येक घरापुढे चिंचोके ठेवायचे : जितकी माणसे तितके चिंचोके, चालता न येणाऱ्यांसाठी खडा, गरोदर बाईसाठी कुंकवाचा ठिपका. आशा कार्यकर्तीच्या वहीत बाळंतपणाच्या तारखा असतात, त्यामुळे ऐन श्रावणात कोणाचे दिवस भरणार हे तिथेच कळते. नंतर म्हातारी माणसे काठीने पाण्याची रेघ ओढतात. या सालचे पाणी इथवर, त्या सालचे तिथवर. रेघेच्या आत किती चिंचोके, किती खडे, हे मग सगळ्यांना एकदम दिसते. नकाशाचा फोटो काढून, तो कागदावर उतरवून ग्रामपंचायतीत लावायचा, आणि ग्रामसभेत वाचायचा.

याच बैठकीत क्षमतेची यादी होते. पट्टीचे पोहणारे कोण, ट्रॅक्टर-जेसीबी कोणाकडे, दोर आणि टायरच्या ट्यूब किती, होडी किती माणसांची, उंचावरच्या शाळेची किल्ली रात्री कोणाकडे असते. होडीचा प्रश्न क्षुल्लक नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट क्षमतेपेक्षा जास्त माणसे घेऊन निघाली आणि उलटली. जनावरांचा प्रश्नही असाच. दावणीला दोन दुभत्या म्हशी असल्या की माणूस शेवटपर्यंत घर सोडत नाही. छावणीत गुरांची आणि चाऱ्याची सोय आहे का, याचे उत्तर ‘नाही’ असेल तर ते घर स्थलांतराच्या यादीत असूनही प्रत्यक्षात हलणार नाही, असे धरावे.

कोकणात नुकसानीचे मापच वेगळे निघते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-मुरूडकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या. हेक्टरी हिशेबाने मिळणारी मदत अशा वाडीला पुरत नाही, कारण थोड्या गुंठ्यांत पोफळी दाटीने लावलेल्या असतात आणि नवे झाड धरायला बरीच वर्षे लागतात. बागायतदारांनी झाडागणिक भरपाईची मागणी लावून धरली आणि पुढे ती मान्य झाली. कोकणातल्या गावाची असुरक्षितता मोजायची तर झाडे मोजावी लागतात.

यादीत कोण राहते बाहेर

जे त्या दिवशी गावात नसतात. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली जोडपी सहा महिने फडात कोपी करून राहतात; गावाच्या सर्वेक्षणात त्यांच्या दाराला कुलूप असते आणि कारखान्याच्या गावाला ती आपली वाटत नाहीत. वीटभट्टीवरचे मजूर, मेंढरे घेऊन फिरणारे धनगर, भाड्याच्या खोलीतले कामगार यांचेही तेच. गावकुसाबाहेरच्या वस्त्या अनेक ठिकाणी ओढ्याच्या सखल बाजूला आहेत. पाणी तिथे आधी येते आणि बैठक मात्र गावठाणातल्या देवळात होते. बैठक त्या वस्तीत, संध्याकाळी कामावरून माणसे परतल्यावर घेतली, तरच खरी माहिती मिळते.

उष्णतेची लाट सर्वांत फसवी, कारण ती पडझड दाखवत नाही. विदर्भात ४५ अंशांच्या दिवशी पत्र्याच्या खोलीतले तापमान बाहेरच्यापेक्षाही वर जाते आणि रात्रीही घर निवत नाही. मे २०१० च्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३०० हून अधिक जास्त मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा केला. गावासाठी मोजायच्या गोष्टी साध्या आहेत : पत्र्याची घरे किती, एकटी राहणारी म्हातारी माणसे किती, दुपारी उन्हात राबणारे किती, पाण्याचा हंडा किती लांबून येतो.

मूल्यमापन एकदा करून फडताळात ठेवण्याचे नाही. दर पावसाळ्याआधी, आणि गावात काही बदलले की लगेच, ते पुन्हा करावे लागते. नवा रस्ता डोंगर कापून गेला, उतारावर सपाटीकरण झाले, नदीकाठी भराव पडला, की जुना नकाशा खोटा ठरतो. पुनर्वसनाची जागाही याला अपवाद नाही. माळीणची नवी वसाहत एप्रिल २०१७ मध्ये लोकांच्या ताब्यात आली आणि त्याच वर्षीच्या पहिल्या जोरदार पावसात तिथले रस्ते काही ठिकाणी खचले, भराव वाहिला. डोंगराने एकदा घर नेलेल्या माणसांनी ती पहिली रात्र जागून काढली असेल, तर नवल नाही.