पेटी भरणारा तिसरा माणूस: सॉफ्टवेअर लायब्ररीच्या पॅकेजिंगची पार्श्वभूमी

बडोद्यात ‘लायब्ररी’ म्हटले की जुन्या मराठी घरांत अजून मांडवीची सेंट्रल लायब्ररीच आठवते. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले. फिरत्या ग्रंथालयाच्या पेट्या पुस्तके घेऊन गावोगाव जात. पुस्तक लिहिणारा एक, छापणारा दुसरा, पेटी भरणारा तिसरा. दांडिया बाजारातली एखादी विद्यार्थिनी उबुंटूवर ‘अ‍ॅप्ट इन्स्टॉल’ची आज्ञा देते, तेव्हा येणारी सॉफ्टवेअर लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येणारा तयार कोड, हीही बहुधा अशाच तिसऱ्याने भरलेली असते. मूळ लेखक म्हणजे ‘अपस्ट्रीम’. हा तिसरा म्हणजे पॅकेजर.

त्याची गरज पडली ती फायलींच्या पसाऱ्यामुळे. सोर्सचा टारबॉल, म्हणजे मूळ कोडच्या फायलींचा गठ्ठा, उतरवायचा आणि ‘कॉन्फिगर’, ‘मेक’, ‘मेक इन्स्टॉल’ या आज्ञांनी बांधून बसवायचा. पण कोणती फाइल कुठे गेली याची नोंद नाही, त्यामुळे काढून टाकणे कठीण. ऑगस्ट १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियन हे लिनक्सचे वितरण (वापरायला तयार संच) जाहीर केले; उबुंटू त्यावरच उभे आहे. पुढे त्यातल्या डीपीकेजी या साधनाने प्रत्येक फाइल कोणत्या पॅकेजची, याची वही ठेवली. लागणारी इतर पॅकेजे आपणहून आणणारे अ‍ॅप्ट १९९९ च्या २.१ आवृत्तीत आले. रेड हॅट या दुसऱ्या वितरणात फायलींची अशी वही आरपीएम ठेवत होते.

पॅकेजर मूळ कोडशेजारी ‘डेबियन’ नावाचे फोल्डर ठेवतो: कंट्रोल, रूल्स, चेंजलॉग, कॉपीराइट आणि पॅचेस (मूळ कोडमध्ये केलेले बदल). ३.०.११-१ या आवृत्तीच्या आकड्यात आडव्या रेघेआधीचे अपस्ट्रीमचे, नंतरचे पॅकेजरचे. नुसते पॅकेजिंग सुधारले तर -२ होते. लायब्ररीच्या पॅकेजच्या नावातही एक आकडा असतो. लिबएसएसएल१.१ आणि लिबएसएसएल३ ही वेगळी पॅकेजे आहेत, कारण जुन्यावर बांधलेला प्रोग्राम नव्यावर चालत नाही. घोटाळा होतो तो अपस्ट्रीमने एखादे फंक्शन काढले आणि हा आकडा मात्र तसाच ठेवला की. बिल्ड, म्हणजे कोडपासून पॅकेज बांधणे, बिनतक्रार होते आणि वापरणाऱ्याकडे ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ म्हणून प्रोग्राम कोसळतो. म्हणून सिम्बॉल्सची, म्हणजे फंक्शनांसारख्या नावांची, यादी फाइलमध्ये ठेवतात. नाव गळाले की बिल्डच थांबते. अशा वेळी आकडा आपल्या मनाने वाढवू नये, आधी अपस्ट्रीमला कळवावे. नाहीतर तुमची पेटी जगातल्या इतर पेट्यांशी जुळत नाही.

पॅच हा या कामातला सर्वांत नाजूक भाग. २००६ साली ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीच्या डेबियन पॅकेजमध्ये व्हॅलग्राइंड हे तपासणीचे साधन ‘न भरलेली मेमरी वाचली’ अशी कुरकुर करत होते. ती बंद करायला दोन ओळी काढल्या गेल्या. त्यातली एक काढली असती तरी फारसे बिघडले नसते. दुसरीतून मात्र किल्ल्या बनवायला लागणारा यादृच्छिकतेचा सगळा साठा भरला जात होता. उरला फक्त प्रोसेस आयडी, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. सप्टेंबर २००६ च्या ०.९.८सी-१ पासून १३ मे २००८ पर्यंत हे कुणाच्या ध्यानात आले नाही. नवे पॅकेज टाकून भागत नव्हते: त्या काळात तिथे तयार झालेली प्रत्येक एसएसएच किल्ली (दूरच्या यंत्रात लॉगिन करण्याची) आणि प्रमाणपत्र नव्याने करावे लागले. डीएसए प्रकारची किल्ली तर अशा यंत्रावर नुसती वापरली असली तरी बाद.

मार्च २०२४ चे एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीचे प्रकरण उलट्या दिशेचे: इथे घात अपस्ट्रीमकडूनच झाला. ५.६.० आणि ५.६.१ च्या टारबॉलमध्ये चोरवाट घालणारी अशी एक बिल्ड फाइल होती जी गिटमध्ये, म्हणजे कोडच्या उघड्या नोंदवहीत, नव्हतीच. टारबॉलवरची सही खरी होती. सही करणाराच फितूर! दूरून येणारे लॉगिन हाताळणाऱ्या ओपनएसएसएचला ही लायब्ररी लागतसुद्धा नाही. पण यंत्रावरच्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीला ‘सुरू झालो’ एवढे कळवण्यासाठी काही वितरणांनी लावलेल्या पॅचमुळे लिबसिस्टमडी आत आले आणि त्याच्या मागोमाग ही. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेतून प्रोग्रामर आंद्रेस फ्रॉइंड यांनी ते शोधले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते पोचले नव्हते. त्याच जुलैत आलेल्या ओपनएसएसएच ९.८ ने तो निरोप स्वतःच द्यायला सुरुवात केली, म्हणजे पॅचचे कारणच संपले. खरे तर पॅच गरजेचा असेल तर त्याची जागा अपस्ट्रीमकडेच. तोवर प्रत्येक पॅचच्या डोक्यावर कारण, लेखक आणि अपस्ट्रीमला कळवले की नाही हे लिहावे, आणि टारबॉल गिटच्या टॅगशी ताडून पाहावा.

पायथॉन भाषेची वाट वेगळी. २०१६ च्या मेनीलिनक्स नियमांनंतर लिनक्ससाठीही तयार ‘व्हील’, म्हणजे आधीच बांधलेले पॅकेज, मिळू लागले. त्यात लागणाऱ्या बऱ्याच लायब्रऱ्यांच्या प्रती आतच कोंबलेल्या असतात. सोय मोठी, पण आतल्या ओपनएसएसएलमध्ये भोक निघाले तर अ‍ॅप्टने केलेले अपडेट त्याला शिवत नाही, व्हील पुन्हा बांधावे लागते. आणि ‘सुडो पिप’ने, म्हणजे पायथॉनच्या इन्स्टॉलरला प्रशासकाचे हक्क देऊन, अ‍ॅप्टच्या पायथॉनवर व्हील चढवले की दोन पॅकेजरांची भांडी एकमेकांवर आपटतात. म्हणून २०२३ च्या डेबियन १२ पासून पिप तिथे नकार देते. तो नकार जबरदस्तीने ओलांडण्यापेक्षा वेगळे व्हेन्व (पायथॉनचा स्वतंत्र कप्पा) करावे आणि त्यात हवे ते बसवावे.